त्या ‘३०० चॅनेलवाल्या’ अँटेनाचं एकदाचं काय ते

‘केबल तोडा, रिचार्ज विसरा. चपटा एचडी अँटेना लावा, ३०० चॅनेल आयुष्यभर फुकट. रेंज ३०० किलोमीटर. अँटेना नसेल तर तांब्याची तार टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात घाला, दुसरं टोक पत्र्याला किंवा प्लगच्या न्यूट्रलला जोडा. फ्री डिश आता बंद होणार.’ हा मेसेज व्हिडिओसकट सातारा-सांगलीच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या तासगावच्या मावशींनी तार आणायला माणूस धाडला, म्हणून हे लिहितोय.

आधी न्यूट्रलचं. बाकीच्या थापांनी पैसे जातील, हिनं माणूस जाईल. न्यूट्रलला करंट नसतो हे वायरिंग बरोबर असेल तरच खरं. जुन्या घरांत, वस्तीवरच्या खोल्यांत प्लगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास सापडतात. टेस्टर लावला की दिसतं. वायरिंग बरोबर असलं तरी न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर चालू बल्ब-पंख्यातून फिरून आलेला करंट त्याच तारेवर उभा राहतो. टीव्हीच्या अँटेनाच्या भोकाची बाहेरची कडी आतल्या धातूला जोडलेली असते आणि एचडीएमआयच्या वायरनं तोच धातू सेटटॉप बॉक्सपर्यंत जातो. तार त्या कडीला टेकली की बॉक्सचा पत्रा पुसणाऱ्या हातालाही झटका. पत्र्याला तार जोडायची तर वळिवाच्या दिवसांत आपल्याकडं विजा कशा पडतात ते आठवा. कुणी हा उद्योग केलाच असेल तर आधी मेन स्विच पाडा, मगच तार काढा.

आता ३०० चॅनेल. आपल्या देशात जमिनीवरच्या टॉवरवरून टीव्ही फक्त दूरदर्शन दाखवतं, खासगी चॅनेलना ती परवानगीच नाही. आणि दूरदर्शनचेही बहुतेक टॉवर मिटले. मोक्याच्या जागचे सुमारे ५० सोडून उरलेले जुने ॲनालॉग ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करणार, असं दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं २०२१ सालीच जाहीर केलं होतं. हवेत सिग्नलच नसेल तर अँटेना दोनशेचा घ्या नाहीतर दोन हजारांचा.

एक मात्र कबूल करायला लागतं, व्हिडिओ खोटा नाही, परका आहे. अमेरिकेत खासगी चॅनेलही टॉवरवरून फुकट दिसतात, तिथं असला अँटेना खरंच चालतो. आपल्याकडंही २०१६ साली १६ शहरांत डिजिटल टॉवर सुरू झाले, महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद त्यात होती. पण चॅनेल पाच, सगळे दूरदर्शनचेच. त्या १६ शहरांत सातारा नाही, सांगलीही नाही.

३०० किलोमीटर रेंजचं तर हसूच येतं. एवढ्या अंतरात मध्यावर पृथ्वीचा फुगवटाच सुमारे १३०० मीटर भरतो. शिवाय मध्ये घाट.

फुकटच बघायचं तर डीडी फ्री डिश आहे. २००४ पासून चालू आहे, सह्याद्रीसकट शंभरावर चॅनेल, महिन्याला एक पैसा नाही. ‘बंद होणार’च्या त्या मेसेजात ना तारीख, ना आदेश. फ्री डिशच्या रिचार्जचे पैसे कुणी मागितले तर तो सरळ ठग समजा.

सामान एवढंच: ६० ते ६५ सेंटिमीटरची डिश, युनिव्हर्सल केयू बँड एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा), आरजी-६ केबल, तिच्या दोन टोकांना दोन एफ कनेक्टर आणि एमपीईजी-४ चा सेटटॉप बॉक्स. टीव्हीतच सॅटेलाइट ट्यूनर असेल तर बॉक्स वाचतो, डिश नाही वाचत. माळ्यावर डीटीएचची जुनी डिश पडली असेल तर तीही चालते, दिशा तेवढी बदलायची.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. साताऱ्यातून आणि सांगलीतून होकायंत्रावर दिशा साधारण १३० अंश, म्हणजे आग्नेयेपासून किंचित पूर्वेकडं. मोबाईलचं होकायंत्र डिशच्या लोखंडी पाइपापासून चार पावलं लांब उभं राहून बघा, जवळ ते चुकतं. क्षितिजापासून उंची जवळजवळ ६० अंश. इतक्या वर बघायचं असल्यानं अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या घरांनाही किल्ला आड येत नाही. आड येतं ते शेजारच्याचं नारळाचं झाड नाहीतर पाण्याची टाकी. ही ऑफसेट डिश, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली, असल्यानं तिचं तोंड बघणाऱ्याला ३५ अंशांवरच रोखल्यासारखं दिसतं. त्याला फसून आणखी वर उचलू नका, डिशच्या मागच्या पट्टीवरचा उंचीचा आकडा ६० ला ठेवा. पाइप आधी ओळंब्यात उभा करा, तिरका असेल तर पट्टीवरचे आकडे निरुपयोगी.

बॉक्समध्ये एलएनबी ०९७५०/१०६०० निवडून सिग्नलचं पान उघडा. इथं निम्मे लोक फसतात. स्ट्रेंग्थची पट्टी डिश आभाळात कुठेही रोखली तरी भरते, तो एलएनबीचा स्वतःचा गोंगाट. बघायची ती क्वालिटीची पट्टी. डिश एका वेळी जेमतेम एक सेंटिमीटर सरकवा आणि दोन-तीन सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल धरायला तेवढा वेळ लागतो. क्वालिटी आली की बोल्ट अर्धवट आवळून एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये थोडा थोडा फिरवा. इथं त्याला बराच तिरका ठेवावा लागतो, नुसत्या सरळ एलएनबीवर काही चॅनेल येतात, काही नाहीत. मग सगळे बोल्ट पक्के करा, आवळताना डिश हलते म्हणून क्वालिटीवर नजर ठेवा.

कनेक्टर बसवताना केबलच्या बाहेरच्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकू देऊ नका. एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट याच केबलमधून जातात, शॉर्ट झालं तर बॉक्सचा सप्लाय जळू शकतो. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ द्या, नाहीतर पावसाचं पाणी तारेवरून थेट बॉक्सच्या मागं येतं.