लॅपटॉप स्लो आणि फॅन जोरात? त्या फॉरवर्डमधले उपाय करायच्या आधी हे वाचा

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्याही एखाद्या ग्रुपवर आलाच असेल. लॅपटॉप स्लो झाला आणि फॅन जोरात फिरायला लागला की दुकानात जाऊ नका, घरच्या घरी एवढं करा, असं म्हणत त्यात उपाय दिलेत. सारखं रिफ्रेश मारा, टेम्प आणि प्रीफेच फोल्डर रिकामे करा, एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारी सेटिंगची खिडकी) प्रोसेसरची संख्या वाढवा म्हणजे स्पीड दुप्पट, रॅम क्लीनर टाका, व्हॅक्युम क्लीनरने धूळ ओढा, फारच तापला तर १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. आणि शेवटी, एवढं करूनही फरक नाही पडला तर समजा की ३ वर्षांनी लॅपटॉप संपलेलाच असतो, नवीन घ्या.

मी नागपुरात लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतो आणि हा मेसेज वाचून सगळं करून झाल्यावर लोक मशीन घेऊन येतात, त्यात कॉलेजची पोरं जास्त, ज्यांच्याकडे दुसरा लॅपटॉप घ्यायला पैसे नसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पण त्याआधी एक गोष्ट, जी त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. फॅनचा आवाज आणि स्लो होणं हे बरेचदा एकच दुखणं असतं. प्रोसेसर तापतो, फॅन त्याला थंड करायला धडपडतो, तरी तापमान मर्यादेला टेकलं (बऱ्याच इंटेल चिप्समध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते) की प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो, जळू नये म्हणून. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. हे होतंय का ते बघायला काहीच डाउनलोड करावं लागत नाही. मशीन रडत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर (म्हणजे प्रोसेसरवर) जा. तिथे स्पीड आणि बेस स्पीड (प्रोसेसरचा ठरलेला नेहमीचा वेग) असे दोन आकडे दिसतात. सीपीयूचा वापर ९०-१०० टक्के आहे, बेस स्पीड समजा २.४० गिगाहर्ट्झ आहे आणि प्रत्यक्ष स्पीड १ च्या आसपास अडकलाय, तर बहुतेक उष्णताच. (मशीन नुसतंच बसलेलं असताना स्पीड कमी दिसला तर घाबरू नका, तेव्हा तो कमीच असायला पाहिजे.) आणि सीपीयू १०-१५ टक्क्यांवर निवांत आहे पण डिस्क १०० टक्के, तर प्रॉब्लेम डिस्कचा, मग फॅनच्या मागे लागून काही होणार नाही.

आता मेसेजकडे.

रिफ्रेश. डेस्कटॉपवर एफ फाइव्ह दाबलं की आयकॉन पुन्हा दाखवले जातात, बस. रॅम मोकळी होत नाही, प्रोसेसर थंड होत नाही.

टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइल्सचं फोल्डर, रिकामं करायला हरकत नाही, सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर जागा होते आणि थोडा फरकही पडतो. प्रीफेचचं मात्र उलटं आहे. कुठला प्रोग्राम सुरू होताना कुठल्या फाइल्स लागतात याची नोंद विंडोज त्या फोल्डरमध्ये ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी तो लवकर उघडावा. तुम्ही ते पुसलं की पुढच्या वेळी प्रोग्राम हळू उघडतात आणि विंडोज बिचारं तीच नोंद पुन्हा बनवत बसतं.

एमएसकॉन्फिगवाला मुद्दा सगळ्यात वाईट, कारण याने खरंच नुकसान होतं. बूट टॅबमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सला गेलं की प्रोसेसरच्या संख्येचा एक चौकोन असतो, मुळात टिक नसलेला. टिक नाही याचा अर्थच विंडोज सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) वापरतंय. ती सोय टेस्टिंगसाठी आहे, संख्या मर्यादित करायला, वाढवायला नाही. तुम्ही सगळ्यात मोठा आकडा निवडला तर काहीच बदलत नाही, चुकून २ निवडला तर बाकीचे कोअर बंद. त्याच खिडकीत मॅक्झिमम मेमरीचा चौकोन आहे, लोक उत्साहात त्यालाही टिक करतात आणि मग ८ जीबी रॅम असून मशीन त्यातली थोडीच वापरायला लागतं. कुणी हे केलं असेल तर आत्ताच जा, दोन्ही टिक काढा, रीस्टार्ट करा.

रॅम क्लीनर. विंडोज रिकामी रॅम मुद्दाम कॅशसाठी (पुन्हा लागणाऱ्या गोष्टी हाताशी ठेवायला) वापरतं, लागली की लगेच सोडतं. क्लीनर काय करतो तर कामातल्या गोष्टी रॅममधून हुसकावतो, आकडा छान दिसतो, आणि दोन मिनिटांनी तेच सगळं डिस्कवरून परत वाचावं लागतं. वर तो स्वतः मागे चालू असतोच. रॅम खरंच कमी पडत असेल तर टॅब बंद करा, ब्राउझरमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की क्रोममध्ये कुठला टॅब किती खातोय तेही दिसतं.

व्हॅक्युम क्लीनर आणि फ्रीज. धूळ कुठे बसते ते आधी समजून घ्या. मागचं कव्हर काढलं की फॅन वरवर ठीकच दिसतो, पाती जरा मळलेली एवढंच. पण फॅन उचलला की त्याच्या आणि तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक जाळीच्या मधे राखाडी थर सापडतो, चिमट्याने धरला तर अख्खी पट्टी सोलून निघते. गरम हवा बाहेर जायचा रस्ता तोच आणि तोच बंद, मग फॅन कितीही बोंबलला तरी हवा जाणार कुठून? हा थर बाहेरून व्हॅक्युम लावून निघत नाही, आणि उघड्या बोर्डाजवळ व्हॅक्युमच्या नळीने स्थिर वीज तयार होते, त्यात एखादी चिप जाऊ शकते. ब्लोअर मारायचा तर मशीन पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि फॅनची पाती बोटाने धरून, नाहीतर तो नको तेवढा गरगरतो आणि बेअरिंग खराब होतं. आत बॅटरी फुगलेली दिसली किंवा टचपॅड वर उचललेला वाटला तर तिथेच थांबा, दाबू नका, चार्जिंगला लावू नका, दुकानातच न्या.

फ्रीज तर अजिबात नको. थंड झालेलं मशीन बाहेर आलं की दमट हवेत त्याच्यावर, आतमध्येही, पाणी धरतं. मुंबई-कोकणात तर बघायलाच नको. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा तेच मशीन त्याच कामाला जानेवारीपेक्षा जास्त आवाज करणारच, तो बिघाड नाही. गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, खालची हवेची भोकं बंद होतात, एवढं पाळलं तरी बराच फरक पडतो. आणि पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेटचा पर्याय दिसत असेल तर १०० चं ९९ टक्के करून बघा, बहुतेक मशीनमध्ये टर्बो बूस्ट (बेस स्पीडच्या वर पळणं) थांबतो, जड कामाचा वेग थोडा जातो पण उन्हाळ्यात मशीन शांत राहतं.

आता ३ वर्षांत संपतो हे. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकल्यावर जुना लॅपटॉप ओळखू येत नाही. तापत असेल तर साफसफाई आणि वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढे जाळीकडे जायला मदत करणारा लेप) बदलणं, हा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने किरकोळ आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे, पण तो सिक्युरिटीचा विषय, त्याचा फॅनच्या आवाजाशी संबंध नाही, तेव्हा ते कारण सांगून कुणी नवीन मशीन गळ्यात मारत असेल तर दोन गोष्टी वेगळ्या करून विचारा.

आणि साफसफाईला देताना टास्क मॅनेजरमधल्या त्या स्पीडचा फोटो काढून ठेवा. परत आल्यावर तेच काम लावा, १५-२० मिनिटं चालू द्या आणि आकडा पुन्हा बघा. बेस स्पीडच्या खालीच अडकलेला असेल तर तिथल्या तिथे दाखवा, पैसे त्यानंतर द्या.