‘ट्रेंड म्हणजे नुसती विक्री’ म्हणणाऱ्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, एवढं मनापासून लिहिलंत म्हणून मीही नीट वेळ काढून उत्तर देतेय, नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून विषय संपवणं बरोबर वाटत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. घराच्या इंटिरियरमध्ये सध्या काय चाललंय यावरच्या माझ्या लेखावर ताईंचं म्हणणं असं, की हे ट्रेंड रंग आणि फर्निचर विकणारे काढतात, काल सगळ्यांना ग्रे करायला लावलं आणि आज तेच लोक बेज-ब्राउन म्हणतायत, मग साध्या माणसाने दर दोन-तीन वर्षांनी घर उकरत बसायचं का? शिवाय त्यांच्याकडे पांढऱ्या भिंती आणि पांढरे लाइट आहेत, त्याने घर मोठं आणि स्वच्छ दिसतं, मी सांगितलेल्या पिवळ्या उजेडात अंधारकोठडी होईल. भिंतीला चुना लावणं म्हणजे उलटं मागे जाणं, आणि भिंतीवरची खाचांची पॅनल्स म्हणजे निव्वळ धूळ साठवणं.

विक्रीचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात तुमचं बरंचसं खरं आहे. रंगांच्या छटांना नंबर देणारी पॅन्टोन ही कंपनी २००० सालापासून दर वर्षी एक ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते, २०२४ ला पीचसारखा, २०२५ ला मोका मूस नावाचा ब्राउन आणि २०२६ साठी क्लाउड डान्सर, म्हणजे जवळजवळ पांढराच. आता बघा, तुमच्या भिंतींना कोणी हातही लावला नाही आणि त्या फॅशनच्या बाहेर जाऊन परत आत आल्या! असल्या घोषणेवरून कोणी भिंत रंगवू नये, हे मी आधीही म्हणत होते आणि आजही म्हणते.

पण म्हणून सगळेच ट्रेंड वरून लादलेले असतात हे मला पटत नाही. काही ट्रेंड येतात ते लोक आधीच्या गोष्टीला कंटाळले म्हणून नाही, तर तिच्यासोबत राहताना त्रास झाला म्हणून. घरात एलईडी आले तेव्हा सुरुवातीचे निळसर पांढरे एलईडी कमी विजेत जास्त उजेड द्यायचे आणि स्वस्तही पडायचे, त्यामुळे ते पटापट पसरले, त्याच काळात ग्रे भिंतींची लाट होती, आणि ग्रे हा रंग असा आहे की थंड उजेडात तो लगेच निळा पडतो. म्हणजे दिवसभर दमून घरी यायचं आणि दवाखान्याच्या कॉरिडॉरसारख्या उजेडात बसायचं. लोकांना हळूहळू ते खुपायला लागलं आणि मग उबदार रंग, लाकूड, कापड, टेबल लॅम्प हे सगळं परत आलं. विकणाऱ्यांनी त्याचा फायदा घेतला हे खरंच, पण तो त्रास काही त्यांनी बनवलेला नव्हता.

आता तुमचे लाइट, कारण मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. पिवळा उजेड म्हणजे कमी उजेड नाही हो! बल्बच्या खोक्यावर दोन वेगळे आकडे असतात, केल्विन म्हणजे उजेडाची छटा आणि ल्युमेन म्हणजे उजेड किती. २७०० केल्विन म्हणजे जुन्या बल्बसारखा उबदार, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. साधारण ८०० ल्युमेन म्हणजे जुन्या ६० वॉटच्या बल्बएवढा उजेड, मग तो २७०० चा असो की ६५०० चा. कोठडी वाटते ती छटेमुळे नाही, छताच्या मधोमध एकच लाइट लावून कोपरे काळे ठेवले की वाटते. तोच उजेड तीन-चार ठिकाणी वाटा, एखादा लाइट भिंतीवर पडू द्या, खोली आपोआप मोठी दिसते. संध्याकाळी ६५०० चा झगझगीत लाइट डोक्यावर असला की निळ्या प्रकाशामुळे शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांगणारं हार्मोन, उशिरा वाढतं, झोप लांबते, म्हणून बसायच्या आणि झोपायच्या खोलीसाठी मी २७०० ते ३००० चा एवढा आग्रह धरते. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० खुशाल लावा, तिथे बारीक काम असतं, फक्त एकाच खोलीत तीन छटांचे बल्ब नकोत, डोळा सतत गोंधळतो. आणि खोक्यावर सीआरआय हा आकडाही बघा, ८० असला तर चालतं पण ९० च्या वर असला की माणसांचे चेहरे, लाकूड, कपडे यांचे रंग खरे दिसतात. घरातली माणसं आजारी दिसत असतील तर आधी बल्ब बघावा, भिंतीचा रंग नंतर.

पांढऱ्या भिंतींना मी वाईट म्हटलेलंच नाही. भिंत किती उजेड परत फेकते याचा एक आकडा असतो, एलआरव्ही, शून्य ते १००, चांगला पांढरा ८० च्या वर जातो आणि गडद रंग १० च्याही खाली. खिडकी लहान असेल तर तो पांढरा तुमच्या फार उपयोगाचा आहे, भिंती, दारं, छत सगळं एकाच गडद रंगात बुडवायचं जे फॅड आलंय ते अशा खोलीत मुळीच करू नका. बल्ब बदला आणि त्याच भिंती आठवडाभर बघा, एवढंच माझं म्हणणं.

चुन्याचं जरा खोलात सांगते कारण त्यात फसवणूकही बरीच होते. लाइमवॉश म्हणजे विरलेला चुना पाण्यात पातळ करून ब्रशने लावायचा, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा भिंतीवरच कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे पुन्हा दगडच. म्हणून त्याला ती ढगाळ, वरखाली छटा येते. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाव राहतो आणि चुना चांगलाच अल्कधर्मी असल्यामुळे बुरशी सहजासहजी धरत नाही. यात मागे जाणं कुठे आलं, हे तर आजच्या बऱ्याच रंगांना जमत नाही! पण तो धरतो सच्छिद्र प्लास्टरवर. तुमच्या भिंतीवर आधीच प्लास्टिक इमल्शन असेल तर त्यावर नुसता चुना टिकणार नाही, एकतर खरवडावं लागेल नाहीतर खास प्रायमर लागेल. आणि लाइमवॉश या नावाखाली मिळणारे कित्येक डबे म्हणजे चुन्यासारखं दिसणारं ॲक्रिलिक असतं, छटा तीच पण बाकी गुण नाहीत, म्हणून डब्यावरचे घटक वाचा. सिंकच्या मागे आणि लहान मुलांचे हात लागतात तिथे तो नकोच.

खाचांची पॅनल्स, ज्यांना फ्लूटेड म्हणतात, त्यावर मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. प्रत्येक खाचेत धूळ, आणि आत एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असलं आणि पाणी लागलं की खालची कड फुगते, एकदा फुगली की परत बसत नाही. गॅसच्या बाजूची उघडी शेल्फंही तशीच, तेलाची वाफ आणि धूळ मिळून जो चिकट थर बसतो तो काढणाऱ्या बाईमाणसाचा विचार फोटो काढणारे करत नाहीत.

आता ‘घर उकरायचं का’. अजिबात नाही. बल्ब, पडदे, उशांचे अभ्रे, फार तर एक भिंत, ट्रेंडची हौस इथपर्यंतच ठेवावी, कारण हे बदलायला घर फोडावं लागत नाही. टाइल्स, ओटा, कपाटं ही वीस वर्षांची सोबत, तिथे फक्त वापर बघायचा. मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या आर्किटेक्ट बाईंनी १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या घरांसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर बनवलं, बाईची पावलं आणि वेळ मोजून, की काय कुठे हाताशी हवं. तेव्हा तेही नवीनच होतं. आज जवळपास प्रत्येक फिटेड किचनमध्ये त्याचा अंश आहे, कारण त्याने काम कमी केलं.

आणि ओट्याचा विषय निघालाच आहे तर हे सांगायलाच हवं. पांढऱ्याशुभ्र क्वार्ट्झच्या ओट्याची क्रेझ जगभर पसरली, हा दगड कारखान्यात क्वार्ट्झची पूड आणि तिला धरून ठेवणारं रेझिन मिसळून बनतो, त्यात सिलिकाचं, म्हणजे वाळूत असतं त्या खनिजाचं, प्रमाण ९० टक्क्यांच्या वरही असू शकतं. घरात बसवलेला ओटा तुम्हाला अपाय करत नाही, पण तो कोरडा कापताना उडणारी बारीक धूळ कामगारांच्या छातीत जाते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, जो बरा होत नाही. तरुण कामगार आजारी पडायला लागले, शेवटी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली. ट्रेंडवर राग काढायचाच असेल ना ताई, तर मला वाटतं तो इथे काढावा. ओटा करायचा झाला तर सिलिका कमी असलेला पर्याय विचारा, आणि कुठलाही दगड असो, कापताना त्यावर पाण्याची धार सोडतायत का, कापणाऱ्याच्या तोंडावर नीट मास्क आहे का, हे स्वतः उभं राहून बघा. ‘आमचं नेहमीचंच आहे’ असं उत्तर आलं तरी बघा.

तुमच्या हॉलच्या खिडकीचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि आत्ताच्या बल्बच्या खोक्यावर केल्विन-ल्युमेन काय लिहिलंय तेवढं इथेच खाली कळवा, म्हणजे भिंतींना हात न लावता कुठला लाइट कुठे घ्यायचा ते मला नक्की सांगता येईल.