फोनवरून बुटाचा तळ दिसतो होय?

तो फोटो बघितला असेलच तुम्ही. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा आपल्या ओव्हल ऑफिसमध्ये खुर्चीत रेललेत, कानाला रिसीव्हर, दोन्ही पाय टेबलावर आणि बुटांचे तळ थेट कॅमेऱ्याकडे. तारीख 8 जून 2009, लाईनवर पलीकडे इस्रायलचे पंतप्रधान नेतन्याहू. सोबतचा मजकूरही ठरलेला असतो, की मध्यपूर्वेत बुटाचा तळ दाखवणं हा सगळ्यात मोठा अपमान, ओबामांनी तो मुद्दाम केला, मग फोटोही मुद्दाम बाहेर सोडला, आणि याआधी कुठल्या अध्यक्षाने असलं काही केलं नव्हतं. तेव्हा इस्रायली पेपरांतही यावर लिहून आलं होतं, त्यामुळे लोकांना वाटतं की ज्यांचा अपमान झाला तेच म्हणतायत म्हणजे असेलच खरं. मला नाही पटत.

पहिली गोष्ट म्हणजे अहो तो फोन होता. साधा फोन, व्हिडिओ कॉल नव्हे. अपमान करायचा तर समोरच्याला कळायला नको का? नेतन्याहूंना ऐकू येत होता तो आवाज, पाय टेबलावर आहेत की खाली चपलेत आहेत हे त्यांना कळायचा काही मार्गच नाही. तळ दिसले ते फोटोग्राफरला, पीट सूझा नाव त्याचं, व्हाईट हाऊसचा अधिकृत फोटोग्राफर, आणि नंतर आपल्याला. म्हणजे ओबामांनी बूट दाखवला असेलच तर तो सूझाला दाखवला, आणि त्याने बिचाऱ्याने कधी तक्रार केली नाही.

आता "मध्यपूर्वेत हा सगळ्यात मोठा अपमान" हे वाक्य. अर्धं बरोबर आहे आणि म्हणूनच ते इतकं खपतं. अरब जगात बूट ही खरंच अपमानाची वस्तू आहे. एप्रिल 2003 मध्ये बगदादच्या फिरदोस चौकात सद्दामचा पुतळा पाडला तेव्हा लोक त्याला बुटांनी मारत होते, आणि 14 डिसेंबर 2008 ला बगदादमध्येच एका पत्रकाराने बुशवर भर पत्रकार परिषदेत एक सोडून दोन्ही बूट फेकले, बुश खाली वाकले म्हणून वाचले. म्हणजे ओबामांच्या फोटोच्या सहा महिने आधी हे सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलेलं, त्यामुळे बूट म्हटलं की लगेच डोक्यात तेच येणार. आणि आपल्याला तर कुणी समजावून सांगायलाही नको, आपला नुसता पाय लागला तरी हात जोडणारी माणसं आपण.

पण अपमान कुणाचा झाला म्हणे? नेतन्याहूंचा. ज्यांची शाळा फिलाडेल्फियाच्या उपनगरात झाली, कॉलेज एमआयटी, मग वॉशिंग्टनच्या दूतावासात नोकरी, मग 1984 ते 88 संयुक्त राष्ट्रांत इस्रायलचे राजदूत. इंग्रजी असं बोलतात की डोळे मिटून ऐकलं तर अमेरिकन खासदार वाटावेत. अमेरिकेत बॉसने टेबलावर पाय टाकून फोनवर बोलणं म्हणजे काय हे या माणसाला त्या मजकूर लिहिणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तिथे त्याचा अर्थ फार तर 'निवांत बसलाय' किंवा 'फोन लांबलाय' एवढाच.

"याआधी कुणी केलं नाही" हे तर सरळ चुकीचं. धाकट्या बुशचे टेबलावर पाय टाकलेले फोटो आहेत, त्याआधीचे अध्यक्ष फोर्ड यांचेही आहेत. शोधा, सापडतात. काही जण याला आणखी फाटा फोडतात की ते रिझोल्यूट डेस्क आहे, व्हिक्टोरिया राणीने 1880 साली एका ब्रिटिश जहाजाच्या लाकडातून करवून भेट दिलेलं, त्यावर पाय म्हणजे ब्रिटनचाही अपमान. ठीक आहे, मग बुशनेही त्याच डेस्कवर पाय टाकले होते तेव्हा ब्रिटनला काही झालं नाही.

एका गोष्टीत मात्र टीका करणाऱ्यांना थोडे मार्क देतो. फोटो चोरून बाहेर आलेला नव्हता, व्हाईट हाऊसने स्वतःच दिला होता. त्याच वर्षी त्यांनी फ्लिकर या फोटोंच्या साइटवर अकाउंट उघडलं होतं आणि अध्यक्ष किती सहज, मोकळा माणूस आहे हे दाखवणारे फोटो धडाधड बाहेर येत होते. तिथल्या एकाला तरी सुचायला हवं होतं की चारच दिवसांपूर्वी, 4 जूनला, आपले साहेब कैरोला जाऊन मुस्लिम जगाला उद्देशून भाषण करून आलेत, त्यात पॅलेस्टिनी भागात इस्रायल बांधत असलेल्या ज्यू वस्त्यांवरून इस्रायलला सुनावलंय, तर आज नेमका हा फोटो नको. नाही सुचलं. हा गाढवपणा म्हणा हवं तर. पण गाढवपणाला कट म्हणायचं असेल तर सगळ्या सरकारी ऑफिसांत रोज कट शिजतो.

राहिला शेवटचा आणि खरा मुद्दा, की "बघा, ओबामा इस्रायलविरोधी होते त्याचा हा पुरावा". भांडण होतं की, कोण नाही म्हणतंय! मे 2009 मध्ये नेतन्याहू व्हाईट हाऊसला आले तेव्हाच ओबामांनी त्यांना वस्त्यांचं बांधकाम थांबवा म्हणून सांगितलं होतं. त्या फोननंतर सहा दिवसांनी, 14 जूनला, नेतन्याहूंनी बार-इलान विद्यापीठात भाषण करून पॅलेस्टिनी राज्याला पहिल्यांदा अटी घालून का होईना होकार दिला, तो काय बुटाच्या धाकाने दिला? दबाव होता तो वस्त्यांवरून. उलट ज्या ओबामांना इस्रायलविरोधी म्हणता त्यांनीच 2016 मध्ये इस्रायलला दहा वर्षांसाठी 38 अब्ज डॉलरच्या लष्करी मदतीचा करार केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत वस्त्यांविरुद्धचा ठराव व्हेटो न वापरता जाऊ दिला, 14 विरुद्ध शून्य. यावर भांडा ना, दोन्ही बाजूंना भरपूर मटेरियल आहे.

आणि मित्रदेशाला फोनवर झापलेलंच बघायचं असेल तर मार्च 2010 घ्या. उपाध्यक्ष बायडन इस्रायलमध्ये पाहुणे असताना पूर्व जेरुसलेममधल्या रामात श्लोमो या वस्तीत 1600 घरांची घोषणा झाली, आणि मग तेव्हाच्या अमेरिकी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटननी नेतन्याहूंना फोन लावून जवळजवळ पाऊण तास सुनावलं. त्या वेळी त्यांचे पाय कुठे होते कुणालाच माहीत नाही.