नकाशातली ती बाई ग्रीक देवी नाहीये

तोच फोटो परत फिरतोय, युरोपचा नकाशा आणि त्यात मुकुट घातलेली बाई. खाली लिहिलंय, "१५७० मध्ये सेबास्टियन म्युन्स्टरने काढलेली ग्रीक देवी युरोपा, तेव्हा युरोपियनांना आपला खंड खरंच असा दिसतो असं वाटायचं."

आधी साल बघा. म्युन्स्टर हा जर्मन भूगोलतज्ज्ञ १५५२ मध्येच प्लेगने गेला, मग १५७० मध्ये काढला कुणी? मूळ नकाशा योहानेस पुट्शचा, १५३७ मध्ये पॅरिसला छापलेला. म्युन्स्टरच्या 'कॉस्मोग्राफिया' या भूगोलाच्या पुस्तकात ही बाई कायमची आली ती १५८८ च्या आवृत्तीपासून, म्हणजे तो जाऊन ३६ वर्षं झाल्यावर.

आता ती 'देवी'. गोष्टीतली युरोपा देवी नाहीच, टायरची म्हणजे आजच्या लेबनॉनमधली राजकन्या, झ्यूस पांढरा बैल होऊन तिला पाठीवरून क्रीटला पळवतो. टिशियनच्या चित्रात बघा, बैल आहे, घाबरलेली पोरगी आहे. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसला तर तेव्हाच प्रश्न पडलेला की ही आशियातली बाई, ग्रीक ज्याला युरोप म्हणतात त्या भूमीवर कधी आलीच नाही, मग खंडाला हिचं नाव कसं!

नकाशात बैल कुठेय? तिथे महाराणी आहे, राजदंडासकट. स्पेन डोकं, इटली उजवा हात, त्या हातातला गोल म्हणजे सिसिली, डेन्मार्क डावा हात आणि बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक देशाचा भाग, काळजाच्या जागी. डोकं वर यावं म्हणून पश्चिम दिशाच वर घेतलीय. आणि तेव्हा स्पेनचा राजा कोण, तर पाचवा चार्ल्स, बोहेमियाचा राजा त्याचा सख्खा भाऊ फर्डिनांड, आणि पुट्शने नकाशा अर्पण केलाय तो याच फर्डिनांडला. या दोघा भावांच्या हाब्सबुर्ग घराण्याची जाहिरात आहे हो ही, पुराणकथा कसली! फ्रान्सच्या राजाला मधे गळ्या-छातीशी बसवलंय, इंग्लंड बाजूला पाण्यात.

'त्यांना खरंच तसं वाटायचं' हे तर फारच झालं. बुंटिंग नावाच्या जर्मन लेखकाने १५८१ मध्ये आपल्या पुस्तकात जग तीन पानांच्या क्लोव्हरसारखं काढलं, मधोमध जेरुसलेम, आणि आकार घेतला आपल्या हॅनोवर शहराच्या चिन्हावरून. पण त्याच पुस्तकात जगाचा साधा नेहमीसारखा नकाशापण आहे. म्हणजे कुठला खरा आणि कुठला मजेचा हे त्याला नीट कळत होतं.

कुणी म्हणतं ही इंग्लंडची एलिझाबेथ राणी. तसं एक डच चित्र आहे १५९८ चं, त्यात खंडाच्या अंगावर एलिझाबेथच आहे, पण ते नेमकं स्पेन आणि पोपच्या विरोधात काढलेलं.