खरेदीखताला आव्हान आणि ‘पूर्ण’ कोर्ट फी

जमिनीच्या वादांबद्दल एक मजकूर मोबाईलवरून वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: खरेदीखताला न्यायालयात आव्हान देणारा कोणीही असो, खतातील किमतीवर पूर्ण कोर्ट फी लागते, ती टाळायची तर ‘रद्द करा’ ऐवजी ‘बेकायदेशीर असल्याचे जाहीर करा’ असे लिहावे, फी कमी पडली की दावा फेटाळला जातो, आणि ज्याच्या मालकीची जमीन वादात आहे, त्याला फीमाफी मिळत नाही. सातबाऱ्यावर नाव आहे पण खतावर सही नाही, अशी एखादी बहीण हे वाचून दाव्याचा विचारच सोडते, म्हणून हे उत्तर.

‘कोणीही असो’ हे पहिले विधान सर्वांत चुकीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील एका निकालात दोन भावांचे उदाहरण घेऊन हा फरक समजावला आहे. एका भावाने तिऱ्हाइताला खरेदीखत लिहून दिले. लिहून देणाऱ्यालाच ते मोडायचे असेल, तर त्याने खत रद्द करून मागावे आणि खतातील मोबदल्यावर मूल्यानुसार फी भरावी. दुसऱ्या भावाची खतावर सहीच नाही. त्याने ते खत अवैध असून आपल्यावर बंधनकारक नाही, असे जाहीर करून मागावयाचे असते. मिळकत त्याच्या ताब्यात असेल, तर त्या प्रकरणाला लागू असलेल्या कायद्याप्रमाणे ठराविक फी होती अवघी १९ रुपये ५० पैसे. ताबा गेला असेल आणि तोही परत हवा असेल, तर मूल्यानुसार फी लागते. मात्र तेव्हाही शेतजमिनीचे मूल्य कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने, म्हणजे शेतसाऱ्याच्या आधारे काढले जाते, खतातील विक्रीच्या रकमेवरून नव्हे.

हा १९ रुपयांचा आकडा मात्र कोणी उचलून महाराष्ट्रात आणू नये, कारण कोर्ट फी राज्यागणिक बदलते. आपल्याकडे १९५९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या कलम ६ मध्ये विक्री शून्य असल्याचे जाहीर करून मागण्याच्या दाव्यासाठी वेगळी तरतूद असून, तिच्यानुसार मिळकतीच्या मूल्यावर होणाऱ्या फीच्या निम्मी फी लागते. शिवाय फीला कमाल मर्यादा आहे. ती २०१८ मध्ये ३ लाखांवरून १० लाख रुपयांवर नेण्यात आली. म्हणजे ‘पूर्ण’ हा शब्दही इथे टिकत नाही.

शब्द बदलून फी वाचवण्याचा सल्ला तर धोक्याचा आहे. न्यायालय विनंतीच्या कलमातील क्रियापद पाहत नाही, वादपत्रातील संपूर्ण कथन पाहते. स्वतः सही केल्याचे मान्य करून, फसवणूक झाली असे सांगणारा वादी ‘जाहीर होऊन मिळावे’ असे लिहितो म्हणून लिहून देणारा असल्याचे थांबत नाही. उलट, ताबा नसताना केवळ घोषणा (खत अवैध असल्याचे जाहीर करणे) मागितली, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ मधील परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, आडवे येते: पुढची दाद, जसे ताबा, मागता येत असूनही ती न मागणाऱ्याला घोषणा मिळत नाही. फी वाचते आणि दावा जातो.

फी कमी पडल्यास काय होते, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ मध्ये स्पष्ट आहे. न्यायालय दुरुस्तीसाठी मुदत देते आणि त्या मुदतीत रक्कम न भरल्यासच वादपत्र नामंजूर होते. कलम १४९ नुसार परवानगीने नंतर भरलेली फी सुरुवातीलाच भरल्यासारखी धरली जाते, आणि खत रद्द करून मागण्याची मुदत ३ वर्षांचीच असल्यामुळे हे महत्त्वाचे ठरते. फीचा कायदा शासनाच्या महसुलासाठी आहे, खटला अडवण्यासाठी प्रतिवादीच्या हाती दिलेले हत्यार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच म्हटले आहे.

राहिली माफी. त्याच संहितेच्या आदेश ३३ खाली वादी निर्धन आहे का हे ठरवताना जी मिळकत वादाचा विषय आहे, ती हिशेबात धरतच नाहीत. खरे तर ही माफी नसून सवलत आहे, कारण दावा जिंकल्यास शासन फी वसूल करते. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते आणि त्यात कोर्ट फीचाही समावेश असतो. निर्धनतेचा अर्ज नामंजूर झालाच, तर न्यायालयाला फी भरण्यासाठी मुदत देता येते, आणि ती भरल्यावर दावा अर्ज केल्याच्या तारखेलाच दाखल झाला असे मानले जाते.