नळाचा पाइप म्हणजे अर्थिंग नव्हे

गोव्यातील व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: अर्थिंगसाठी खड्डा खणून पैसे घालवू नका, गिझरची हिरवी (अर्थची) तार नळाच्या नाहीतर गॅसच्या पाइपला बांधा; पाइप प्लास्टिकचा असला तरी आतले पाणी वीज जमिनीत नेते; एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच) असल्यावर भिण्याचे कारण नाही; आणि पाइपांचे बाँडिंग, म्हणजे पाइप तारेने अर्थशी जोडणे, हा वायरमनने काढलेला जादा खर्च आहे.

पाइप जमिनीत गेलेला असतो, हे गृहीतच आता टिकत नाही. संपूर्ण लोखंडी पाइप होते तेव्हा या म्हणण्यात थोडेफार तथ्य होते. आज जुन्या घराच्या न्हाणीघरात भिंतीतला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप तसाच राहिलेला असतो, पण पाण्याच्या मीटरपासून घरापर्यंतची लाइन प्लास्टिकची झालेली असते. शिवाय गिझरला येणारे पाणी बहुधा गच्चीवरच्या टाकीतून उतरते, त्यामुळे त्या पाइपाचा जमिनीशी संबंधच नसतो. अशा पाइपाला तार बांधली, की गिझरमधील दोषाने गळणारी वीज जमिनीत न जाता घरातल्या प्रत्येक धातूच्या नळावर येऊन बसते. रंग लावलेल्या पाइपाला पिळून गुंडाळलेली आणि खाऱ्या हवेने हिरवी पडलेली तार कितपत जोडलेली असते, हा प्रश्न निराळाच. पाण्याचा पाइप ग्राहकाचा अर्थ इलेक्ट्रोड (वीज जमिनीत नेणारा पुरलेला धातू) म्हणून वापरू नये, असे आयएस ३०४३ हे भारतीय मानक स्पष्ट सांगते.

पाण्यातून वीज जाते, हे खरे. पण किती जाते, ते मोजून पाहावे. साधारण गोड्या पाण्याची रोधकता ५० ओहम-मीटर धरली, तर आतून १५ मिलीमीटर व्यासाच्या पाइपातील एक मीटर पाण्याचा रोध सुमारे २,८०,००० ओहम भरतो. २३० व्होल्टला त्यातून एक मिलिअँपिअरही जात नाही. अर्थ म्हणून हे पाणी निरुपयोगी आहे.

एमसीबीचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो निर्धास्त करतो. पाइपाचा काही भाग खरोखर जमिनीत आहे आणि त्याचा रोध २५ ओहम आहे, असे समजू. फेजची तार गिझरच्या पत्र्याला टेकली, तर २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर प्रवाह वाहील. एवढ्या दोषप्रवाहाला १६ अँपिअरचा एमसीबी दाद देत नाही, आणि गिझर व नळ जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर राहतात. येथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीच (थोडी वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) कामाचा. तो तत्काळ पडेल.

गॅसच्या पाइपाबद्दल तर चर्चेलाही वाव नसावा. पाइपने येणाऱ्या गॅसची घराकडे येणारी जमिनीखालची लाइन बहुधा पॉलिएथिलीन या प्लास्टिकची असते, म्हणजे ती अर्थ देतच नाही. आणि धातूच्या भागातून दोषप्रवाह वाहत असताना कोणी सांधा सोडवला, तर ठिणगी नेमकी गॅसपाशी पडते. सिलिंडर व रबरी नळी असलेल्या घरात जोडण्यासारखा पाइपच नसतो.

आता बाँडिंग. पाइपाला अर्थ बनवणे आणि पाइपाला अर्थशी जोडणे या दोन गोष्टींची सरमिसळ हेच या सल्ल्याचे मूळ आहे. बाँडिंगमध्ये अर्थिंग स्वतंत्र आणि पक्के असते. बाहेरून घरात शिरणारे पाण्याचे व गॅसचे धातूचे पाइप त्या अर्थिंगच्या मुख्य टर्मिनलला किमान ६ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडतात, जेणेकरून दोषाच्या वेळी एक हात नळावर आणि दुसरा गिझरवर असला तरी दोहोंत धोकादायक व्होल्टेज उभे राहू नये. सगळी लाइन प्लास्टिकची असेल, तर तिला बाँडिंग नको. तेथे तो खर्च खरोखर जादा आहे. गिझरची हिरवी तार मात्र तेव्हाही बोर्डातील अर्थलाच गेली पाहिजे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. गोव्यातील पर्वरीसारख्या जांभ्याच्या पठारावर चांगला अर्थ मिळणे अवघड असते, कारण पावसाळा सरला की जांभा कोरडा पडतो आणि खड्ड्याचा रोध वाढतो. पण त्याच जांभ्यात पुरलेला पाइपही तितकाच कोरडा पडतो. अशा ठिकाणी इलेक्ट्रोड अधिक खोल न्यावा, गरज पडल्यास दुसरा जोडावा, आरसीसीबी बसवावा, आणि वायरमनकडून रोध जुलैत नव्हे तर मे महिन्यात मोजून घ्यावा.