महाविद्यालय हलवू नका, आधी गाड्या मोजा

सांगलीच्या विश्रामबागेतील रहिवाशांनी महापालिकेला द्यायचे एक निवेदन दादाने मला वाचायला पाठवले, तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. आमच्या भागातील एका महाविद्यालयाला नवी इमारत बांधू देऊ नये, जमल्यास सगळे महाविद्यालयच गावाबाहेर हलवावे, कारण सांगली-मिरज रस्त्यावर सकाळी आणि सुटण्याच्या वेळी पाय ठेवायला जागा उरत नाही, असा त्याचा आशय आहे. संस्थेच्या बाजूने त्यावर एवढेच उत्तर आले, की शिक्षणाच्या आड येऊ नका. राग मला दोन्हींचा येतो, पण निवेदनाचा अधिक, कारण ते आपल्याच माणसांनी लिहिले आहे.

विलिंग्डन 1919 सालचे आणि वालचंद 1947 सालचे. ही महाविद्यालये विश्रामबागेत वसली तेव्हा तिथे वस्ती ती कितीशी असणार? गावभागात पुराचे पाणी शिरते म्हणून लोक उंचावरच्या या भागाकडे सरकत गेले, त्यांच्यामागोमाग दवाखाने, क्लासेस आणि मंगल कार्यालये आली, आणि आज त्याच लोकांना महाविद्यालयांची अडचण होते आहे. ती उद्या गावाबाहेर नेली तर तासगावहून एस.टी.च्या पासावर येणाऱ्या मुलीने सांगली स्टँडवर उतरून पुढे वडाप, म्हणजे माणसे भरून नेणारी खासगी गाडी, शोधायचे, आणि ज्याच्या घरी ऐपत आहे त्याने मुलाला दुचाकी घेऊन द्यायची. रस्त्यावरची वाहने त्याने कमी होणार नाहीत. ती अधिक लांबवर धावतील, आणि वाटेत चांगली काळी जमीन एन.ए., म्हणजे बिगरशेती, होईल ती वेगळीच.

मी राहतो तिथे, अमेरिकेत कॅलिफोर्नियात, हा प्रश्न कसा हाताळला गेला, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सँटा क्लारा काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, 2000 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाला सुमारे वीस लाख चौरस फूट बांधकामाचा परवाना दिला, त्यात एक अट होती: गर्दीच्या तासात, गर्दीच्या दिशेने होणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या 2001 साली मोजलेल्या आकड्यापलीकडे जाऊ नयेत. त्या पलीकडे गेल्या, तर आसपासच्या चौकांच्या सुधारणेचा भार विद्यापीठाने उचलायचा. मोजणी दरवर्षी होते. इमारती वाढवायच्या असतील तर गाड्या कमी करण्याची गरज विद्यापीठालाच भासू लागली, म्हणून पार्किंगला पैसे पडतात, मार्गरीट ही विद्यापीठाची बस फुकट धावते आणि कॅलट्रेन या लोकलने येणाऱ्याला उत्तेजन मिळते. पुढे विद्यापीठाने आणखी मोठा परवाना मागितला, काउंटीशी अटींवर जमले नाही, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये त्यांनी अर्ज मागे घेतला. एवढ्या धनाढ्य संस्थेलाही मर्यादा पाळावी लागते, हे आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असे नव्हे. 2020 सालच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत किती बांधकामाला किती पार्किंग हवे याचे कोष्टक आहे. परंतु आत शंभर दुचाकी उभ्या करण्याची सोय झाली म्हणून त्या शंभर दुचाकी फाटकातून एकाच वेळी बाहेर पडण्याचा प्रश्न सुटत नाही. सुटण्याच्या वेळी त्या फाटकापाशी उभे राहून पाहावे. वडाप तोंडावरच आडवे लागलेले असते, त्याला वळसा घालून तिघे-तिघे बसलेल्या गाड्या उलट्या दिशेने निघतात, मिरजेकडे जाणारी बस मागे हॉर्न वाजवत राहते, आणि पदपथावर पाणीपुरीची गाडी असल्यामुळे चालणाऱ्या मुली रस्त्यावर उतरतात. यातले काहीही नव्या इमारतीमुळे घडलेले नाही आणि ती नाकारल्याने थांबणारही नाही. बसथांबा आवारात घेणे, वडापला ठरावीक जागा देणे आणि वर्गांच्या वेळा पुढेमागे करणे हे संस्थेच्या आणि महापालिकेच्या हातातले उपाय आहेत, त्यासाठी उड्डाणपूल लागत नाही.

हे फोनवर सांगितले तेव्हा दादा म्हणाला, "तुमच्या गावात घरं परवडत नाहीत, म्हणून झाडलोट करणारा माणूस डोंगरापलीकडून दोन तास गाडी हाकत येतो. तो कुठल्या मोजणीत धरलाय?" बोलणे खरे आहे आणि ते मला लागले. मर्यादा घालणारे गाव बाहेरच्याला सहज आत घेत नाही, हे मी रोज पाहतो. तरीही मोजणीच नको, असे त्यातून निघत नाही.

त्याचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: तू परत येणार नाहीस, मग तुला एवढे का लागते? स्टॅनफर्डच्या अर्जावरच्या काउंटीच्या सुनावणीत मी मागच्या रांगेत बसलो होतो, बोलण्यासाठी नाव दिले नाही. इतकी वर्षे भाडे भरूनही इथला रस्ता माझा आहे असे मला कधी वाटले नाही. सांगलीच्या ज्या रस्त्यावर मी आता पाहुण्यासारखा येतो, त्याच्याविषयी मात्र कुणी वेडेवाकडे लिहिले की मला झोप लागत नाही. इथल्या शिस्तीचे दाखले देताना माझा आवाज चढतो, तोही याच कारणाने असावा, असे मला वाटते. मला दादाला जिंकायचे नाही, त्याच्या भांडणात माझा वाटा हवा आहे.

म्हणून या प्रकरणी मी महापालिकेकडे माझी सूचना स्वतंत्रपणे लिहून पाठवणार आहे. नव्या इमारतीला परवानगी देण्यापूर्वी फाटकावरची वाहने मोजावीत. ती मोजणी सुट्टीत नव्हे तर प्रवेश पूर्ण होऊन वर्ग नियमित भरू लागल्यावर व्हावी. आकडे रहिवाशांना वाचता येतील असे फाटकावरच लावावेत. आणि वाढ झाली तर ती कमी करण्याची जबाबदारी लेखी स्वरूपात संस्थेवर टाकावी.